घाटाची धास्ती आणि वेगाचा खर्च

गेल्या आठवड्यात बॅटरीची क्षमता युनिटमध्ये कशी मोजतात ते पाहिलं. आज त्याच हिशेबाने रेंजच्या धास्तीकडे वळू. इलेक्ट्रिक गाडी घेऊ पाहणारा आधी विचारतो, 'एका चार्जमध्ये किती जाते?' मुंबई-पुणे करणारा लगेच पुढे विचारतो, 'घाटात दगा देणार नाही ना?'

खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साधारण 550 मीटर वर चढते. माणसं-सामान धरून 1800 किलो वजन तेवढं उचलायला पावणेतीन युनिट पुरतात. मोटरमधली घट धरली तर तीनच्या थोडं वर. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले, तर घाटाची किंमत झाली वीसेक किलोमीटर. चढावर पडद्यावरचा आकडा झपाझप उतरतो, कारण बऱ्याच गाड्या नुकत्याच झालेल्या खर्चावरूनच पुढचा अंदाज बांधतात. परतीला उतारावर मोटर जनित्राचं काम करते आणि त्या तीन युनिटांतला बराच भाग बॅटरीत परत येतो. घाटात वाहतूक तुंबली तरी घाबरू नका. उभ्या गाडीची मोटर वीज घेत नाही. एसीला तासाला एक-दीड युनिट लागतं.

वेगाने गेलेलं मात्र परत मिळत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. एक्स्प्रेस वेच्या सपाट भागात तेवढ्या फरकाने जाणारी वीज घाट चढायला लागणाऱ्या विजेच्या जवळपास भरते. तरी लोक भितात घाटाला आणि दाबतात अ‍ॅक्सिलरेटर.

जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीचक्रातून येतो. 2020 साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची आणि प्रमाणित रेंज 312 किलोमीटर होती. म्हणजे युनिटला दहाच्या वर! एसी लावून, हायवेच्या वेगाने सहा-सातच धरावेत. ग्राहकाला हे शोरूममध्येच, पैसे भरण्याआधी सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक बारकावा महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी. मुक्कामी रात्रभर लावून बॅटरी पूर्ण भरू नका. सकाळी पसरणीच्या घाटाने वाईला उतरताना परत मिळणारी वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. 85-90 टक्के पुरे.

इतका हिशेब जमला की बॅटरीची काळजी बरीचशी मिटते. उरते ती चार्जरची, आणि ती खरी आहे. अ‍ॅपवर 'उपलब्ध' दिसणारा चार्जर गेल्यावर बंद असतो, नाहीतर त्याच्यापुढे पेट्रोलची गाडी लावलेली असते. रात्री लेकराबाळांसह अशा जागी अडकलेल्या माणसाला वर्गाचा नियम सांगून काय उपयोग? नव्या चार्जरांच्या उद्घाटनांपेक्षा आहेत ते चालू ठेवणं महत्त्वाचं आहे, आणि बंद चार्जरची तक्रार प्रत्येकाने दर वेळी नोंदवली पाहिजे.

तोवर लांबच्या प्रवासात 20 टक्के शिल्लक असतानाच थांबा, पुढचा एक पर्यायी चार्जर हेरून ठेवा आणि 80 टक्क्यांना निघा. त्यापुढे फास्ट चार्जिंग मंदावतं. स्वतःच्या गाडीचे युनिटमागचे किलोमीटर महिनाभर वहीत लिहा. पुढच्या लेखात उन्हाळ्याचा बॅटरीच्या आयुष्यावर होणारा परिणाम पाहू, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.