पाऊस आला की रेंज जाते

जुलैत नाणे मावळात आवणी ऐन भरात असते. कामशेतहून आत वळलं की खाचराखाचरात वाकलेल्या पाठी दिसतात. इरली कमी, प्लास्टिकचे कागद जास्त. अशाच एका बांधाला लागून मोबाइलचा ४० मीटरचा टॉवर आहे. त्याच्या फाटकाशी मी एका टेक्निशियनबरोबर पाऊस उघडायची वाट पाहत उभा होतो. पावसात वर चढायचं नाही असा नियम, आणि मावळात तो पाळायचा म्हणजे डब्यासकट यावं लागतं.

‘‘साइट अप दाखवतायत, सर,’’ फोन ठेवत तो म्हणाला. ‘‘नॉकवाले म्हणतात, अलार्म क्लिअर झालाय.’’

खाचरातल्या आजींनी मान वर केली. ‘‘पाऊस आला का रेंज जाती बगा. ऊन पडलं का येती.’’

टॉवरच्या टोकाला अँटेनांच्या पाठीमागे जे राखाडी डबे दिसतात, त्यांच्यात पॉवर अँप्लिफायर असतो. क्षीण सिग्नल तो ४० वॅटपर्यंत वाढवून अँटेनाकडे ढकलतो. बाहेर किती गेलं आणि आपटून किती परत आलं, हे डब्यातच मोजलं जातं आणि फायबरवरून दूरच्या कंट्रोल रूमला, म्हणजे नॉकला, कळतं. त्या प्रमाणाचा आकडा म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर. १.२ असला तर उत्तम. ३ झाला की चौथा हिस्सा, म्हणजे ४० पैकी १० वॅट, माघारी येतो. मग स्वतःला जपण्यासाठी अँप्लिफायर आवाज खाली आणतो किंवा गप्प बसतो. गंमत अशी, की नुसती ताकद कमी केली तर साइट चालूच दिसते. गावात मात्र फोन घेऊन माणसं पाण्याच्या टाकीवर चढतात.

१९२७ साली खडकीहून इंग्लंडसाठी बीम वायरलेस सुरू झालं, तेव्हा यंत्र, त्यावरचा काटा आणि काटा बघणारा माणूस एकाच इमारतीत असत. आता काटा टॉवरच्या टोकावर, माणूस दुसऱ्या शहरात, आणि मधे मावळचा पाऊस. पलीकडे लोणावळ्यात तो वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. त्याच पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज होते, आणि तेच पाणी इथं असले खेळ करतं.

टेक्निशियननं गाडीत बसून लॅपटॉप उघडला. व्होल्टेज ५३, म्हणजे सप्लाय ठीक. डब्याचं तापमान ४५, म्हणजे तापून बंद पडत नाही. मग त्यानं व्हीएसडब्ल्यूआरच्या अलार्मची जुनी यादी काढली. पहाटे आला, दुपारी गेला. संध्याकाळी आला, दुसऱ्या दुपारी गेला. शेजारी त्याची खिशातली वही, तीत पावसाच्या वेळा. दोन्ही जुळत होत्या. ‘‘केबल तुटली असती तर अलार्म हललाच नसता. हे पाणी आहे.’’ याच तक्रारीची तीन तिकिटं, म्हणजे नोंदी, त्याआधी बंद झाली होती, कारण दुपारी बघावं तर अलार्म नसायचा.

दीडच्या सुमारास उघाड मिळाली. बेल्ट अडकवून तो वर गेला आणि पाऊण तासानं डबा आणि अँटेना जोडणारी जंपर केबल घेऊन उतरला. कनेक्टरचा तोंडाकडचा भाग हिरवट पडला होता; झटकल्यावर माझ्या तळव्यावर दोन थेंब पडले. एवढंसं पाणी, पण चार वाड्यांची रेंज त्यानं अडवली होती.

चूक टेपमध्ये होती. आधीच्या कुणीतरी शेवटचा थर वरून खाली गुंडाळला होता. कौलं वळचणीपासून वर का चढवत नेतात, हे मावळात पोरालाही माहीत असतं: वरचं कौल खालच्यावर बसलं पाहिजे. टेपचंही तसंच, नाहीतर प्रत्येक पदर पाण्याला दार उघडून देतो. नवी जंपर लावताना त्यानं टेप खालून वर नेला आणि केबलला खाली झोळ ठेवला, थेंब तिथून गळून जावा म्हणून.

आकडा १.१८ वर आला. लगेच तिकीट बंद करायला सांगणारा फोन आला, पण तो म्हणाला, ‘‘थांबा, एक सर येऊ दे.’’ सव्वातीनला आली, चांगली झोडपून गेली. आकडा हलला नाही.

तुमच्या गावातही पावसात रेंज जात असेल तर ‘नेटवर्क नाही’ एवढंच कळवू नका. कधी गेली, कधी आली आणि तेव्हा पाऊस होता का, हे चार दिवस लिहून ठेवा आणि तक्रारीत तेच सांगा.