टाकीतून उडणारे पेट्रोल आणि आपले आरोग्य

मे महिन्यातील दुपार. माळशिरसला पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. मोटारसायकल पंपावर येते, टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि उग्र वास नाकात शिरतो. काहींना हा वास आवडतो. लहान मुले तर मुद्दाम जवळ जाऊन हुंगतात. नीट पाहिले तर टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते. ती थरथर म्हणजे उडून चाललेले पेट्रोल होय. त्यात आपले पैसे जातात हे लगेच कळते, पण ती वाफ कोणाच्या तरी छातीत जाते याचा विचार आपण क्वचितच करतो.

गाडीच्या धुराबद्दल पुष्कळ बोलले जाते. न जळताच उडणाऱ्या पेट्रोलबद्दल मात्र फारशी माहिती नसते. म्हणून आज त्याविषयी.

पेट्रोल का उडते?

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक साध्या उष्णतेनेही वाफ होऊन निघून जातात. डिझेल असे सहजी उडत नाही. थंडीत गाडी चटकन सुरू व्हावी यासाठी पेट्रोलला थोडा उडण्याचा गुण लागतोच. पण तो जास्त झाला की उन्हाळ्यात नुकसान होते. हा गुण ‘बाष्पदाब’ या मापाने मोजतात. दाब जितका जास्त, तितके पेट्रोल लवकर उडते.

अपाय कोणता?

अपाय दोन प्रकारे होतो. पहिला थेट. वाफेने डोके दुखते, गरगरते, मळमळते, डोळे चुरचुरतात. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचा घटक असतो. तो दीर्घकाळ श्वासातून जात राहिल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झाले आहे. आपण पंपावर दोन मिनिटे थांबतो. पण तेथे काम करणारा मुलगा दिवसभर त्याच हवेत असतो. खरी काळजी त्याची आहे.

दुसरा अपाय लांबून होतो. पेट्रोलची वाफ, वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साईडे आणि कडक ऊन एकत्र आले की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. आकाशात उंचावर असणारा ओझोन आपले रक्षण करतो. श्वासात जाणारा मात्र फुफ्फुसांना इजा करतो. दमेकरी, लहान मुले व वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याचे हे कारण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस शास्त्रज्ञांनी शोधून काढले.

सरकारने काय केले?

अमेरिकेने १९८९ पासून उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या बाष्पदाबावर मर्यादा घातली आणि १९९२ पासून ती अधिक कडक केली. भारतात भारतीय मानक ब्यूरोने पेट्रोलची प्रत ठरवून दिली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या पेट्रोलसाठी बाष्पदाबाची मूळ मर्यादा ६० किलोपास्कल असून बेंझिन १ टक्क्याहून अधिक चालत नाही. शिसेयुक्त पेट्रोल तर २००० सालीच देशभर बंद झाले.

यात आपल्या उसाचाही संबंध येतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये आपल्या राज्यात मिरज व मनमाड येथे झाला. आता हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले आहे. इथेनॉलमुळे पेट्रोल अधिक चांगले जळते व कार्बन मोनॉक्साईड कमी होतो. मात्र ते मिसळल्याने बाष्पदाब थोडा वाढतो. दहा टक्क्यांच्या आसपास ही वाढ सर्वांत जास्त असते. त्यामुळे मूळ पेट्रोल कमी उडणारे असणे अधिकच गरजेचे ठरते.

नव्या दुचाकींत टाकीची वाफ शोषून घेणारी कोळशाची डबी असते. मोठ्या शहरांतील जास्त विक्रीच्या पंपांवर नळीतूनच वाफ परत ओढून घेणारे यंत्र सक्तीचे केले आहे. माळशिरससारखी गावे या सक्तीत येत नाहीत. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जानेवारी २०२० चा एक नियम गावांनाही उपयोगी आहे. नवा पंप शाळा, दवाखाना व वस्तीपासून ५० मीटर दूर असावा. जागेची अडचण असल्यास जादा सुरक्षा उपाय करून अंतर कमी करता येते, पण ३० मीटरच्या आत नाही. गावात नवा पंप येणार असेल तर ग्रामस्थांनी हे अंतर मोजून पाहावे.

आपण काय करावे?

यंत्र नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी आपल्याच हातात आहेत.

टाकी काठोकाठ भरू नये. उन्हात पेट्रोल फुगते व बाहेर येते. झाकणाचे रबर फाटले असेल तर लगेच बदलावे. गाडी सावलीत लावावी. उन्हाळ्यात पेट्रोल शक्यतो संध्याकाळी भरावे. सकाळी भरल्यास माप जास्त मिळते, हा समज चुकीचा आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तेथील तापमान फारसे बदलत नाही. संध्याकाळी भरण्याचा फायदा एवढाच, की वाफेला कडक ऊन मिळत नाही.

पेट्रोल भरताना मुलांना टाकीवरून उतरवून लांब उभे करावे. पंपावरील कामगारांनी वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून न थांबता बाजूला उभे राहावे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. पेट्रोल सांडलेले कपडे ताबडतोब बदलावेत आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. गॅरेजमध्ये सुटे भाग पेट्रोलने धुण्याची सवय सोडावी.

प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल भरून घरात ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत किंवा देवघरातील दिव्यापर्यंत पोचून भडका उडवते. नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढणे तर अत्यंत घातक. ते फुफ्फुसात गेले की तीव्र न्यूमोनिया होतो. चुकून कोणी प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत शिरते. रुग्णाला तसेच दवाखान्यात न्यावे.

कायद्याने पेट्रोल सुधारले. झाकण घट्ट लावणे मात्र आपल्यालाच करावे लागेल.