शेकडा दहा, पण कशाचे?

शेकडा दहा व्याज म्हटल्यानें रक्कम कळत नाहीं. मुद्दल विचारावें लागतें. विजेच्या ‘पर युनिट’ हिशेबाचेंहि तसेंच आहे. एकापुढें एक जोडलेले ५० व २० एम.व्ही.ए.चे दोन ट्रान्सफॉर्मर घ्यावे. प्रत्येकाचा अंतर्गत विरोध स्वतःच्या क्षमतेवर ०.१०, म्हणजे शेकडा दहा. त्यांची सरळ बेरीज ०.२० करणें चूक. आधीं आधार एक हवा. २० चा आधार धरल्यास पहिल्याच्या ०.१० ला २० नें गुणून ५० नें भागावें. उत्तर ०.०४, बेरीज ०.१४. व्होल्टेजचा आधारहि बदलल्यास जुन्यास नव्यानें भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गानें आणखी गुणावें.

मागील पुरवठा अमर्याद मानल्यास शॉर्ट सर्किटची शक्ति २० भागिलें ०.१४, म्हणजे सुमारें १४३ एम.व्ही.ए. होते, चुकीच्या बेरजेनें ती १०० च दिसते. त्या भरंवशावर बसविलेला सर्किट ब्रेकर ऐन प्रसंगीं स्वतःच फुटण्याचा संभव असतो.