केळ्याशी आपलं साम्य : पण कशाचे टक्के?

‘माणसाचा आणि केळ्याचा 50 टक्के डीएनए सारखाच असतो’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर आणि प्रश्नमंजूषांमध्ये हमखास भेटतं. कधी आकडा 60 असतो. माणूस आणि वनस्पती यांच्यात जनुकीय साम्य आहे, यात शंका नाही. गोंधळ होतो तो टक्के नेमके कशाचे, हे न विचारल्यामुळे.

गैरसमज : आपला अर्धा डीएनए केळ्यासारखा आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2013च्या एका प्रदर्शनासाठी अशी तुलना केली होती. अख्खा डीएनए त्यांनी ताडून पाहिला नव्हता, जनुकांपासून बनणारी प्रथिनं पाहिली होती. माणसाच्या सुमारे 60 टक्के जनुकांना केळीत ओळखू येईल असा जोड सापडला. पण या जोड्यांच्या प्रथिनांतलं साम्य सरासरी 40 टक्क्यांच्या आसपासच निघालं. शिवाय प्रथिनांची कृती सांगणारा भाग माणसाच्या एकूण डीएनएत 2 टक्क्यांहूनही कमी असतो. बाकीचा या हिशेबात नव्हताच.

हे साम्य मुख्यतः पेशीच्या रोजच्या कामांत दिसतं : डीएनएची नक्कल करणं, साखरेतून ऊर्जा काढणं, प्रथिनं बनवणं. त्यातली काही प्रथिनं तर थक्क करतात. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी हिस्टोन एच4 या प्रथिनात 102 अमिनो आम्लं असतात. वाटाणा आणि गाय यांच्या एच4मध्ये फक्त दोन जागी फरक असल्याचं 1969मध्ये दिसून आलं. माणसाचं एच4 गाईसारखंच आहे. इथे जरा बदल झाला तरी पेशीचं काम बिघडतं, म्हणून ते इतकी वर्षं टिकून राहिलं.

गैरसमज : सख्खा भाऊ 50 टक्के आणि केळंही 50 टक्के, म्हणजे दोघं सारखेच जवळचे.

वस्तुस्थिती : ही मापंच वेगळी आहेत. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे 99.9 टक्के सारखा असतो. भावंडांचे 50 टक्के म्हणजे आई-वडिलांकडून मिळालेल्या वाट्यातला सरासरी निम्मा भाग दोघांत एकच असणं. चिंपांझीशी 98.8 टक्के साम्य सांगतात, ते डीएनएचे जुळवता येणारे भाग अक्षराला अक्षर लावून मोजलेलं आहे. केळ्याचा आकडा निव्वळ जोड सापडलेल्या जनुकांचा. तिन्ही एका ओळीत मांडता येत नाहीत.

गैरसमज : साम्य आहे, म्हणजे माणूस वनस्पतींपासून उत्क्रांत झाला.

वस्तुस्थिती : दोघांचा समाईक पूर्वज सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा एकपेशीय जीव होता. तो झाडही नव्हता आणि प्राणीही नव्हता. भाजीवाल्याकडे मिळणारी अळंबी मात्र या वंशवृक्षात वनस्पतींपेक्षा आपल्याला जवळची आहे.

गैरसमज : माणूस प्रगत, म्हणून त्याची जनुकं जास्त.

वस्तुस्थिती : माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे 20 हजार आहेत. केळीत ती 36 हजारांच्या घरात आणि पोळीच्या गव्हात लाखाहून अधिक आहेत. गव्हात तीन वेगवेगळ्या पूर्वज-गवतांचे जनुकसंच एकत्र आले आहेत.

गैरसमज : गव्हांकुराचा रस म्हणजे ‘हिरवं रक्त’, प्यायला की त्याचं हिमोग्लोबिन होतं.

वस्तुस्थिती : हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिनमधलं हीम यांची रासायनिक ठेवण मिळतीजुळती आहे. पण हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं आणि हीममध्ये लोह. आपलं शरीर एकाचं दुसरं करत नाही. हिमोग्लोबिनचं वनस्पतींतलं खरं नातलग शेतात सापडतं. भुईमुगाच्या किंवा तुरीच्या मुळावरची निरोगी गाठ कापली, तर ती आतून गुलाबी दिसते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतल्या जीवाणूंचं नत्र बांधणारं विकर ऑक्सिजनमुळे निकामी होतं, म्हणून हे प्रथिन तिथला मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतं.

गैरसमज : ही सगळी नुसती गमतीची माहिती आहे.

वस्तुस्थिती : निळा प्रकाश ओळखणाऱ्या क्रिप्टोक्रोम प्रथिनाचं जनुक 1993मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात ओळखलं गेलं. पुढे त्याच कुळातली प्रथिनं माणसातही सापडली. आपल्यात ती शरीराचं घड्याळ चालवतात. रात्री फार उशिरापर्यंत झोप न लागणाऱ्या काही कुटुंबांमध्ये यातल्याच एका जनुकातला बदल आढळला आहे.