परमुलखांतील कारभारी

ज्या घरांतला एकहि मुलगा, सून, लेक किंवा जांवई परदेशीं गेलेला नाहीं, अशीं घरें आमच्या वाचकांत आतां थोडींच राहिलीं असतील. पूर्वीं ही मंडळी शिकावयास जात व पुढें तेथेंच नोकरीस राहत. हुकूम देणारे दुसरे असत, पाळणारे आपले. अलीकडे मात्र निराळें चित्र दिसूं लागलें आहे. नैरोबी, आदिस अबाबा, जकार्ता, साओ पावलो अशा ठिकाणीं भारतीय कंपन्यांचीं कामें चालूं आहेत, आणि त्यांवर मुख्य म्हणून आपल्याकडील तरुण जात आहेत. परक्या मुलखांत परक्या माणसांकडून काम करून घेण्याची पाळी आतां आपली आहे. ही विद्या आपणांस जन्मतः येते असा एक समज आढळतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

अशा देशांना व्यापारी जगांत ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ म्हणतात. हें नांव १९८१ सालीं आंत्वान फान आग्टमाल या डच गृहस्थांनीं पाडलें. ते जागतिक बँकेच्या परिवारांतील एका संस्थेंत होते. ‘तिसरें जग’ म्हटलें कीं पैसेवाले हात आंखडतात, म्हणून हा गोंडस शब्द. नांव सोयीचें आहे यांत शंका नाहीं. पण तेथें बाजाराखेरीज माणसेंहि राहतात ही गोष्ट त्या नांवांत दिसत नाहीं.

परमुलखांत कारभार कसा करूं नये, याचा नमुना पाहावयाचा तर ब्राझीलला जावें लागतें. मोटारीच्या चाकांना रबर लागतें आणि रबराचा व्यापार इंग्रज-डचांच्या मळ्यांच्या हातीं. तेव्हां हेन्री फोर्ड यांनीं १९२७ सालीं ॲमेझॉनला मिळणाऱ्या तापाझोस नदीच्या कांठीं सुमारें २५ लक्ष एकर रान मिळविलें. पुढल्या वर्षीं तेथें फोर्डलँडिया नांवाची वसाहत उभी राहूं लागली. फोर्ड यांचा हेतु वाईट होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्या भागाच्या मानानें मजुरी चांगली होती, औषधपाणी फुकट होतें, इस्पितळ उत्तम होतें. त्या रानांत एवढ्या सोयी मजुरानें पूर्वीं पाहिल्या नव्हत्या.

पण सगळी आंखणी मिशिगनमध्यें बसून झालेली. विषुववृत्ताजवळच्या उन्हांत पत्र्याच्या छपरांचीं घरें बांधलीं. झावळ्यांनीं शाकारलेल्या झोपडींत जो गारवा असे तो गेला व घरांच्या भट्ट्या झाल्या. तेथला मजूर पहाटे कामास लागे, माध्यान्हीचें ऊन टाळी आणि तें उतरल्यावर पुन्हां उभा राही. फोर्डच्या भोंग्यानें त्याला भर दुपारीं उभें केलें. न्याहारीस ओटची लापशी आणि डब्यांतले पीच, जेवणांत असडीक तांदूळ आणि सबंध गव्हाचा पाव. फोर्ड यांना पथ्य प्रिय, म्हणून हजारों माणसांना पथ्य! आणि त्या पथ्याचे पैसे मजुरीतून कापलेले. दारूबंदी होती ती मजुराच्या स्वतःच्या घरापर्यंत पोंचलेली. शेवटीं १९३० च्या डिसेंबरांत भोजनगृहांतले वाढपी काढून टाकले आणि ज्यानें त्यानें हातांत ताट घेऊन रांगेंत उभें राहावें असा नियम झाला. एवढ्यावर ठिणगी पडली. भोजनगृह उद्ध्वस्त झालें, हजेरीचीं घड्याळें फोडलीं गेलीं. कांहीं अधिकारी बोटींत बसून नदीवर पळाले. लष्कर आलें तेव्हां दंगा शमला.

झाडांचीहि तीच गत झाली. जंगलांत रबराचीं झाडें एकमेकांपासून लांब लांब वाढतात. मळ्यांत तीं दाटीनें लावलीं, तेव्हां पानांवरचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर सहज चालत गेला. १९४५ सालीं सुमारें २ कोटि डॉलरांवर पाणी सोडून कंपनीनें तो सारा मुलूख अडीच लक्ष डॉलरांच्या आसपास किमतीला ब्राझील सरकारास देऊन टाकला. हेन्री फोर्ड स्वतः तेथें एकदांहि गेले नव्हते.

या हकीकतींत लापशीची थट्टा सगळेच करतात. आमच्या मतें लापशी हें निमित्त. मजुरांनीं रांगेंत उभें राहावें हा नियम करणारे अमेरिकन अधिकारी स्वतः निराळ्या वसाहतींत, निराळ्या बंगल्यांत राहत होते. रांग होती ती दुसऱ्यांसाठीं. आपल्याकडे जेवणाच्या पंगतींत एकाला तूप आणि दुसऱ्याला तेल वाढलें तर त्याला पंक्तिभेद म्हणतात, आणि तो करणाऱ्या घरीं माणूस पुन्हां पाऊल टाकीत नाहीं. फोर्डलँडियांतला खरा दोष हा होता असें आम्हांस वाटतें.

हें अनुमान ओढूनताणून आणलेलें नाहीं, हें दिसण्यासाठीं आपल्याच देशांतील उलट उदाहरण घ्यावें. येथें आपण यजमान होतों आणि कारभाराची रीत परक्याची होती. १९८१ च्या फेब्रुवारींत सरकारनें मारुति उद्योग ही कंपनी काढली. १९८२ च्या ऑक्टोबरांत जपानच्या सुझुकी कंपनीशीं करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लीजवळ गुरगांव येथील कारखान्यांतून तयार झालेली पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं पडली. ओसामु सुझुकी आणि त्यांचे जपानी सहकारी यांनीं यंत्रांबरोबर कांहीं चालीरीती आणल्या, व कंपनीचे प्रमुख व्ही. कृष्णमूर्ति आणि आर. सी. भार्गव यांनीं त्या उचलून धरल्या. साहेबापासून हेल्परापर्यंत सगळ्यांना एकच गणवेष. जेवणाची जागा एकच व तेथें सर्वांना एकच रांग. कचेरींत साहेबासाठीं वेगळी खोली नाहीं. दिवसाच्या आरंभीं एकत्र कवाईत. आणि कामांतील सुधारणा सुचविण्याचा अधिकार यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला.

१९८० च्या सुमारास असल्या गोष्टी आपल्या देशांत कशा चालाव्या? चपराशी, दारावरचा पडदा आणि वेगळा चहा यांवांचून अधिकार तो कसला! शास्त्रहि याच बाजूचें होतें. खेर्ट होफ्स्टेड (१९२८-२०२०) या डच पंडितांनीं आय.बी.एम. कंपनीच्या अनेक देशांतील नोकरांकडून १९६७ ते १९७३ या काळांत भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नपत्रिका तपासल्या व १९८० सालीं त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. वरिष्ठ-कनिष्ठ यांमधील अंतर खालच्या माणसानेंच किती गृहीत धरलें आहे, हें मोजण्याचें एक माप त्यांनीं बसविलें. त्या मापानें अमेरिका ४०, जपान ५४, ब्राझील ६९ आणि भारत ७७. अनिश्चिततेची धास्ती किती, या दुसऱ्या मापांत जपान ९२ वर तर भारत ४० वर. म्हणजे जपानी मनुष्याला प्रत्येक गोष्ट आधीं पक्की ठरलेली पाहिजे. आपला सिद्धांत ‘वेळ आल्यावर पाहूं’. गाडी पुलावर आली कीं पुढचें सुचतें, यावर आपला गाढ विश्वास.

आंकडे मनोरंजक आहेत, आणि परदेशीं जाणाऱ्यानें ते एकदां चाळावेत. परंतु ते एका कंपनीच्या नोकरांवरून काढलेल्या सरासऱ्या आहेत. राष्ट्राची कुंडली मांडून समोर बसलेला मनुष्य ओळखतां येत नाहीं. ७७ या आंकड्यावर विश्वास ठेवला असता तर गुरगांवची एक रांग पहिल्या आठवड्यांतच मोडावयास हवी होती. ती मोडली नाहीं. लोक अंतर सहन करतात यावरून तें त्यांना आवडतें असें ठरत नाहीं. दुसरें कांहीं पाहावयास मिळालेलें नसतें, एवढेंच पुष्कळदां खरें असतें. शिवाय गुरगांवच्या रांगेंत साहेब स्वतः ताट घेऊन उभे होते. तापाझोसच्या कांठीं ते नव्हते. रांग तीच; फळ उलटें.

येथें हकीकत संपली असती तर लेख गोड झाला असता. परंतु याच कंपनीचा दुसरा कारखाना जवळच मानेसर येथें २००७ च्या सुमारास सुरू झाला. गणवेष तोच, रांग तीच. पण आतां शेजारीं शेजारीं उभे राहून तेंच काम करणाऱ्या दोघांपैकीं एक कायम नोकर आणि दुसरा ठेकेदाराचा, पुष्कळच कमी पगाराचा. चहाच्या सुट्टीचीं मिनिटें सात-साडेसात, हा तक्रारीचा एक ठळक विषय होता. २०११ सालीं स्वतःची वेगळी संघटना मागणाऱ्या कामगारांचे संप झाले. चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही केल्याखेरीज आंत घेणार नाहीं, असें व्यवस्थापनानें सांगितलें. १८ जुलै २०१२ रोजीं एका कामगाराच्या आणि पर्यवेक्षकाच्या भांडणावरून दंगल पेटली, आग लागली, आणि मनुष्यबळ विभागाचे एक वरिष्ठ अधिकारी तींत मृत्यु पावले. अनेक अधिकारी जखमी झाले. सुमारें दीडशें कामगार तुरुंगांत गेले. २०१७ च्या मार्चांत न्यायालयानें १३ जणांना जन्मठेप दिली व ११७ जणांना निर्दोष सोडलें. या सुटलेल्यांपैकीं कित्येकांचीं तारुण्याचीं वर्षें कोठडींत गेलीं, आणि त्या मृत अधिकाऱ्याच्या घरचा मनुष्य परत आला नाहीं. हिंसेचें समर्थन कोणीहि करणार नाहीं. पण पगाराच्या पाकिटांत शिरलेला पंक्तिभेद एका रंगाच्या गणवेषानें झांकत नाहीं, एवढें तरी दिसतें. जपानी रीत येथें हरली असें कांहीं जण म्हणतात. आमच्या मतें ती अर्धीच उरली होती.

आतां आपल्या तरुणांविषयीं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनीं १९८० सालीं असें मांडलें, कीं आपल्याकडील कनिष्ठाला नुसता बरोबरीनें वागणारा वरिष्ठ रुचत नाहीं आणि नुसता दरडावणाराहि रुचत नाहीं. माया करणारा, पण काम चोख घेणारा वरिष्ठ त्याला हवा असतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांला हें पुस्तकावांचूनहि पटण्यासारखें आहे. मात्र सिन्हा पुढें म्हणतात तें आम्ही सोयिस्करपणें विसरतों: हाताखालचा मनुष्य तयार होत जाईल तसतसा त्याला निर्णयांत वांटेकरी करावा. सत्तराव्या वर्षीहि किल्ल्या कमरेला ठेवणारा कर्ता आपण सर्वांनीं पाहिला आहे. तोच नमुना नैरोबीच्या कचेरींत जाऊन बसला, तर तेथील हुशार माणसें वर्षभरांत दुसरीकडे नोकरी धरतील, आणि आपला तरुण घरीं पत्रांतून ‘येथील लोकांत निष्ठा नाहीं’ असें कळवील.

नवी सून पहिले कांहीं महिने काय करते, तें या तरुणांनीं आठवावें. हिंग कोणत्या डब्यांत आहे, सासऱ्यांना चहा किती वाजतां लागतो, कोणत्या जावेचें कोणाशीं पटत नाहीं, हें ती न विचारतां पाहून घेते. स्वयंपाकघराची मांडणी बदलण्याचा विचार मागाहून. कारभाऱ्यानें निराळें काय करावयाचें? जपान्यांच्या व्यवहारांत ‘नेमावाशी’ म्हणून शब्द आहे. झाड एका जागेवरून दुसरीकडे लावण्यापूर्वीं त्याच्या मुळांभोंवतीं आधीं खणून तयारी करतात, त्या कामाचें हें नांव. सभेंत प्रस्ताव आणण्यापूर्वीं प्रत्येकाला खाजगी भेटून त्याचें म्हणणें ऐकून घ्यावयाचें, असा त्याचा कचेरींतला अर्थ. सभेंत कोणी विरोध केला नाहीं म्हणजे सगळ्यांना पटलें, असें अनेक देशांत नसतें. जपानी ‘हाइ’चा अर्थ पुष्कळदां ‘ऐकतों आहें’ एवढाच असतो, आणि आपल्या ‘पाहतों’चा, ‘होऊन जाईल’चा अर्थ काय असतो हें आम्ही सांगावयास नको.

कांहीं गोष्टी तर नुसत्या माहितीच्या, पण न कळल्यास फजिती करणाऱ्या. पूर्व आफ्रिकेंत स्वाहिली बोलणारे लोक घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. इथिओपियांतहि तोच प्रकार. शिवाय तेथें वर्षाचे महिने तेरा, आणि नवें वर्ष सप्टेंबरांत. तेव्हां ‘तीन वाजतां भेटूं’ असें ठरल्यास तें कोणाच्या घड्याळानें, हें विचारून घ्यावें. इथिओपियांत आडनांव नसतें. दुसरें नांव बापाचें असतें, म्हणून त्या नांवानें हांक मारणें म्हणजे माणसाला सोडून त्याच्या वडिलांना बोलावणें होय. इंडोनेशियांत कामगाराला त्याच्या धर्माच्या सणापूर्वीं निदान सात दिवस आधीं सणाचा भत्ता द्यावा असा नियम आहे. वर्षभर काम केलेल्यास तो एक महिन्याच्या पगाराइतका असतो. आपल्या दिवाळीच्या बोनसाची वाट पाहत वाढलेल्या माणसाला हें समजावयास जड जाऊं नये. तरीहि तो भत्ता उपकार म्हणून, भाषण करून वांटणारे अधिकारी असतात.

राहतां राहिला जेवणाचा प्रश्न. आमच्या घरांतील कित्येक तरुण शाकाहारी असतात, आणि परदेशीं कचेरीच्या पंगतींतून त्यामुळें अंग काढून घेतात. डबा खोलींत नेऊन एकट्यानें जेवणारा साहेब कशामुळें एकटा जेवतो, हें तेथील कारकुनाला माहीत नसतें. त्याला दिसतें तें एवढेंच कीं साहेब आपल्याबरोबर बसत नाहीं. मांस खावें असें कोणी म्हणत नाहीं. आपला डबा घेऊन त्यांच्यांत बसावें, कारण सांगावें, आणि आपल्या ताटांतलें पुढें करावें. इथिओपियांत तर सगळे एकाच मोठ्या ताटांतून ‘इंजेरा’ नांवाची आंबवलेली भाकर तोडून खातात, आणि प्रेमानें शेजाऱ्याच्या तोंडांत घांस घालतात. उष्ट्या-खरकट्याचे संस्कार झालेल्या आमच्या मुलांना हें प्रथम अवघड वाटेल खरें. पण तेथील सनातनी ख्रिस्ती लोक बुधवारीं आणि शुक्रवारीं उपवास धरतात, व त्या दिवशीं मांस, अंडीं, दूध, तूप यांतलें कांहींच घेत नाहींत. पहिलें आमंत्रण त्या वारांचें स्वीकारावें. ताटांत मसुरीची आमटी, वाटाण्याच्या डाळीचें वरण आणि पालेभाजी येते.