‘अ‍ॅन अनमॅरिड वुमन’ आणि भांडणारे प्रेक्षक

पॉल मझर्स्कींचा ‘अ‍ॅन अनमॅरिड वुमन’ (१९७८) पाहिला नसेल तर जरूर पाहा. न्यूयॉर्कमधली एरिका. नवरा भर रस्त्यात रडत सांगतो, माझं दुसरीवर प्रेम आहे. ती चालत सुटते आणि पुढे जाऊन तिला उलटी होते. काय काम केलंय जिल क्लेबर्गने! कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, इझाबेल ह्युपेरसोबत विभागून.

खरे तट पडतात ते उत्तरार्धावरून. अ‍ॅलन बेट्सचा चित्रकार सॉल येतो; देखणा, मायाळू, विनोदी. काहींना तो फारच सोयीचा वाटतो, ते मलाही पटतं. पण ‘मॅनहॅटनमध्ये ऐसपैस फ्लॅट असलेल्या बाईला कसलं दुःख’ हा आक्षेप अजिबात पटत नाही. मानसोपचाराचे प्रसंग बघा, सगळी पडझड दिसते. आणि समोरची डॉक्टर म्हणजे पेनेलोप रुसियानॉफ, प्रत्यक्षातही मानसतज्ज्ञच!

(पुढे शेवट सांगतेय.) सॉल उन्हाळाभर व्हरमाँटला चल म्हणतो, ती नाही म्हणते. ‘इतका चांगला माणूस, आणि ही जात नाही?’ म्हणून चिडणारे बरेच आहेत. मी पूर्णपणे एरिकाच्या बाजूने. तुम्ही?