सौर-विद्युत् नौकेची निवड : दैनिक ऊर्जेचा ताळेबंद

किनाऱ्याच्या आश्रयाने प्रवास करावा, रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकून नौकेवरच मुक्काम करावा, आणि हा सारा निर्वाह सूर्यप्रकाशावर चालावा, ही कल्पना आता केवळ मनोराज्य राहिलेली नाही. ‘प्लॅनेटसोलर’ ह्या नौकेने २०१० ते २०१२ ह्या काळात सौर ऊर्जेवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. केरळात वैकम येथे २०१७ साली ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौर नौका सुरू झाली. तथापि ह्या उदाहरणांवरून निवासी नौकेविषयी घाईने अनुमान काढणे उचित नव्हे. ‘आदित्य’च्या फेऱ्या आखूड असून ती रोज धक्क्यावर परतते. ‘प्लॅनेटसोलर’वर ५०० चौरस मीटरांहून अधिक सौर फलक होते, तरी तिची सरासरी गती ताशी सुमारे ५ सागरी मैलच होती. निवासी नौकेला धक्क्याचा आधारही नाही आणि एवढे विस्तीर्ण छतही नाही. म्हणून तिची निवड करताना मोटारीची शक्ती हा प्रश्न गौण ठरतो. दिवसाला ऊर्जा किती मिळते व ती कोठे खर्ची पडते, हा मुख्य होय.

उदाहरणादाखल १२ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशी जोडकायेची नौका, म्हणजे कॅटामरान, गृहीत धरू. तिच्या छतावर सुमारे ४० चौरस मीटर फलक बसतील व त्यांची कमाल शक्ती ८ किलोवॉट होईल. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यातील निरभ्र दिवशी आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५ किलोवॉट-तास, म्हणजे व्यवहारातील ५ युनिट, ऊर्जा पडते. फलकांचे तापणे, सावली, मिठाचा थर इत्यादींपायी चौथा हिस्सा वजा केल्यास हाती ३० युनिट वीज राहते. जनित्रातून एवढी वीज मिळविण्यास सुमारे १० लिटर डिझेल लागेल. ही झाली जमेची बाजू.

खर्चाच्या बाजूस शीतकपाट, दिवे, पंखे, पंप, मार्गदर्शक उपकरणे व विजेची शेगडी ह्यांना मिळून ७ युनिट धरू. प्रवासासाठी २३ युनिट उरतात. आता गती वाढली की लागणारी शक्ती स्थूलमानाने गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अर्थात् तेवढ्याच ऊर्जेत कापता येणारे अंतर गतीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ताशी ५ मैल गतीस ५ किलोवॉट लागतात असे मानल्यास २३ मैल जाता येईल. ताशी ४ मैल गतीने ३६, तर ताशी ६ मैल गतीने केवळ १६. रत्नागिरीहून विजयदुर्ग सुमारे २६ सागरी मैल आहे. ताशी साडेचार मैलांनी जाणारा त्या दिवसाच्या मिळकतीत तेथे पोहोचेल; सहा मैलांचा मोह धरणारा वाटेतच साठ्याला हात घालील. रात्री आठ तास वातानुकूलन चालविले तर आणखी ८ युनिट जातील, आणि ताशी ५ मैल गतीचा पल्ला २३ वरून १५ मैलांवर येईल.

ह्यावरून सुखसोयींचा अर्थ नव्याने लावावा लागतो. उष्णतारोधक छत, समोरासमोरची झडपे व रुंद छाया ह्यांनी मिळणारा गारवा वीज खात नाही. जोडकाया पसंत करण्याचे कारणही हेच : अरुंद काया लाटा कमी उठवितात, रुंद छत फलकांना जागा देते आणि नांगरावर नौका कमी डोलते. परंतु ह्याच अरुंद काया वजनाने लवकर बुडतात व पाण्याचा रोध वाढतो. उंच दालने वारा अडवितात. प्रशस्तपणाची किंमत अशी दोनदा मोजावी लागते.

बॅटरीचा विचार वाऱ्यांशी निगडित आहे. कोकणात पहाटेचे मतलई वारे सौम्य असतात; दुपारी वायव्येकडून खारे वारे जोर धरतात आणि उत्तरेस जाणाऱ्या नौकेला ते समोरून भिडतात. सबब प्रवास सकाळी उरकावा हे श्रेयस्कर. पण तेव्हा सूर्य कललेला असतो, म्हणून आजचा प्रवास कालच्या उन्हावर करावा लागतो. त्यासाठी सुमारे ४८ युनिटांचा साठा असावा, आणि त्याचा शेवटचा तृतीयांश सुखसोयींसाठी कधीही वापरू नये. वारा नौकेला खडकाळ किनाऱ्याकडे लोटू लागला, तर १० किलोवॉट शक्तीने दीड तास मोटार चालविण्याइतके बळ त्या १६ युनिटांत असते. शीतकपाट बंद पडल्यास अन्न नासेल. हा साठा संपल्यास नौका व माणसे गमावण्याची वेळ येईल. जून ते सप्टेंबर ह्या पावसाळी महिन्यांत मात्र ढग आणि खवळलेला समुद्र ह्या दोहोंमुळे असा प्रवास वर्ज्यच समजावा.

तात्पर्य, विक्रेत्याने सांगितलेल्या कमाल गतीवर विसंबू नये. पाणी, सामान व माणसे ह्यांसह पूर्ण भरलेली नौका ताशी ४, ५ व ६ मैल गतीस किती किलोवॉट घेते, हे वाऱ्याच्या दिशेने व वाऱ्याविरुद्ध प्रत्यक्ष चालवून मोजून घ्यावे. फलकांवर सावली कोठून पडते ते पाहावे. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, म्हणून नौका पाण्यात किती खोल बसते तेही विचारावे. मिळालेले आकडे वरील ताळेबंदात मांडले असता जी नौका राखीव साठ्याला न शिवता दिवसाचा हिशेब जुळविते, तीच निवडावी.